घरचा सेप्टिक टँक वेळेवर कसा उपसावा: नव्या घरमालकांसाठी

तालुक्याच्या गावी घर घेणारा माणूस मिळकत पत्रिका पाहतो, विजेचा मीटर पाहतो, बोअरला पाणी किती आहे ते विचारतो. संडासाचे पाणी शेवटी कोठे जाते हे मात्र बहुधा विचारत नाही. भूमिगत गटाराची जोडणी असलेल्या शहरी भागात आयुष्य गेलेल्याला तो प्रश्न सुचतही नाही, कारण तेथे भांड्यात पाणी ओतले की आपली जबाबदारी संपते. महाराष्ट्रातील बहुसंख्य लहान शहरांत, कोकणातील वाड्यांवर आणि शहरांच्या कडेने उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींत ती संपत नाही. तेथे प्रत्येक घराच्या अंगणात किंवा वाहनतळाच्या फरशीखाली एक बंद टाकी असते आणि ठरावीक वर्षांनी ती उपसून घेणे हे घरमालकाचे काम असते. हे काम केव्हा करावे, कोणाकडून करून घ्यावे आणि त्या दिवशी काय पाहावे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

टाकी ‘भरते’ म्हणजे काय

सेप्टिक टँक वापरात आल्यानंतर थोड्याच दिवसांत पाण्याने भरतो आणि पुढे कायम भरलेलाच राहतो. जेवढे पाणी आत येते तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. त्यामुळे झाकण उघडून वरपर्यंत पाणी दिसले म्हणून टाकी उपसायला झाली असे होत नाही. आत आलेल्या मैल्यातील जड भाग तळाशी बसतो आणि त्याचा गाळ होतो, तेलकट व हलका भाग वर तरंगून त्याची साय धरते, आणि या दोहोंमध्ये त्या मानाने निवळ पाण्याचा थर राहतो. बाहेर जाणारा पाइप या मधल्या थरातून पाणी घेतो व ते शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, सोडतो. तळाच्या गाळातील काही भाग हवेविना जगणारे जिवाणू पचवतात, पण सगळा पचवत नाहीत. न पचलेला गाळ वर्षानुवर्षे साठत जातो, मधला थर पातळ होत जातो, आलेल्या पाण्याला निवळायला वेळ मिळेनासा होतो आणि मग गाळच बाहेरच्या पाइपाने निघू लागतो.

‘आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ असे अनेक घरमालक अभिमानाने सांगतात. ते ऐकून निश्चिंत होऊ नये. अशा टाकीचा एक तर तळ बांधलेला नसतो आणि मैला सरळ जमिनीत मुरत असतो, किंवा तिच्यातला गाळ केव्हाच शोषखड्ड्यात अथवा समोरच्या उघड्या गटारात जाऊ लागलेला असतो. पहिल्या प्रकारात शेजाऱ्याची विहीर खराब होते आणि दुसऱ्यात आपला शोषखड्डा. गाळाने एकदा शोषखड्ड्याच्या भिंतीतली आणि भोवतालच्या मातीतली छिद्रे बुजली की टाकी कितीही वेळा उपसली तरी ती पुन्हा मोकळी होत नाहीत. बहुधा नवा खड्डाच घ्यावा लागतो, आणि त्याच्या खर्चात टाकीचे अनेक उपसे झाले असते. म्हणून भांडे तुंबण्याची वाट पाहून गाडी बोलावणे ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत असली, तरी तोवर सगळ्यात महागडे नुकसान होऊन गेलेले असते.

पहिले काम: आपल्याकडे नेमके काय आहे ते ओळखणे

संडासातून निघालेला पाइप कोणत्या दिशेला जातो, वाटेत तपासणीचे चेंबर कोठे आहे आणि हवा जाण्यासाठी उभा केलेला पाइप कोठून वर आला आहे, या तीन खुणांवरून टाकीची जागा सहसा सापडते. जुने मालक किंवा बांधकाम केलेला गवंडी भेटला तर उत्तमच. टाकीला किती कप्पे आहेत, झाकणे किती आहेत, बाहेरचा पाइप शोषखड्ड्यात जातो की गटारात, हे त्यांना आवर्जून विचारावे. वाहनतळाला फरशी घालताना झाकणेही फरशीखाली गाडून टाकण्याची एक वाईट खोड आहे. तसे झाले असेल तर उपशाच्या दिवशी घाईने फरशी फोडण्यापेक्षा आधीच ती जागा मोकळी करून, हाताने उचलता येईल असे कडीचे बिडाचे किंवा काँक्रीटचे झाकण बसवून घ्यावे.

ग्रामीण भागात मात्र आधी एक खात्री करावी. शासकीय अनुदानातून बांधलेल्या अनेक शौचालयांना सेप्टिक टँक नसतोच. त्यांना जाळीदार भिंतींचे दोन शोषखड्डे असतात आणि मध्ये पाणी इकडे किंवा तिकडे वळवणारे लहान चेंबर असते. तेथे गाडी बोलावण्याचे कारण नाही. एक खड्डा भरला की चेंबरमधून प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा, पहिला खड्डा किमान वर्षभर, शक्यतो दीड-दोन वर्षे, बंद ठेवायचा आणि मगच त्यातले कोरडे, मातीसारखे झालेले खत काढायचे. दोन्ही खड्ड्यांत एकाच वेळी पाणी सोडणे ही या पद्धतीतली नेहमीची चूक आहे, कारण मग एकही खड्डा कोरडा होत नाही. ज्यांच्याकडे अशी व्यवस्था आहे त्यांच्यापुरता हा लेख येथेच संपतो.

टाकी सापडली की तिची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मांडून गुणाकार करावा. आलेल्या आकड्याला एक हजाराने गुणले की लिटर मिळतात. सेप्टिक टँकसाठीच्या भारतीय मानक २४७० प्रमाणे पाच माणसांच्या घराची लहानात लहान टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर, म्हणजे अवघी अकराशे लिटरच्या आसपास असते, आणि ती वर्षा-दोन वर्षांनी उपसली जाईल असे त्यात गृहीत धरलेले आहे. आपल्याकडे मात्र ‘एकदाच मोठी बांधू, म्हणजे कटकट नको’ या विचाराने याच्या तिप्पट-चौपट टाकी बांधतात. मोठ्या टाकीमुळे दोन उपशांतले अंतर वाढते इतकेच. उपसा टळत नाही.

गाळ कसा मोजावा

हे मोजमाप घरच्या घरी करता येते, मात्र ते करताना दोन माणसे असावीत आणि त्यांपैकी एक झाकणापासून दूर उभा असावा. झाकण सरकवल्यावर लगेच वाकून आत पाहू नये. अर्धा तास ते तसेच उघडे ठेवून बाजूला थांबावे. जवळ विडी, काडेपेटी, निरांजन किंवा उदबत्ती काहीही पेटते नसावे, कारण टाकीत मिथेन हा जळणारा वायू साठलेला असतो. मुले आणि कुत्री अंगणातून आत घ्यावीत.

टाकीच्या खोलीपेक्षा हातभर लांब असा सरळ बांबू घ्यावा. त्याच्या खालच्या मीटर-सव्वा मीटर भागाला जुना पांढरा टर्किश टॉवेल घट्ट गुंडाळून सुतळीने बांधावा. पहिल्या कप्प्याच्या झाकणातून बांबू उभा सोडावा आणि सायीचा थर बाजूला सारत हळूहळू तळाला टेकवावा. तळ लागला की हाताला टणक जाणवते. दोन-तीन मिनिटे तो तसाच धरावा आणि मग सावकाश, न फिरवता वर काढावा. टॉवेलच्या खालच्या भागात काळा, रवाळ गाळ चिकटलेला असतो आणि त्याच्या वर केवळ मळकट ओल असते. या दोन रंगांमधली रेघ बहुतेक वेळा इतकी स्पष्ट असते की शंकेला जागा राहत नाही. रेघेपासून बांबूच्या टोकापर्यंतचे अंतर ही गाळाची जाडी, आणि ओलीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर ही पाण्याची एकूण खोली. सायीची जाडी मोजण्यासाठी दुसऱ्या काठीच्या टोकाला आडवी फळी ठोकावी, ती सायीखाली नेऊन वर ओढावी आणि जेथे अडखळते तेथे खूण करावी.

गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली की गाडी बोलावण्याची वेळ आली असे समजावे. उदाहरणार्थ, पाण्याची खोली दीड मीटर असेल आणि तळाशी ४० सेंटिमीटर गाळ व वर १० सेंटिमीटर साय असेल, तर बेरीज ५० सेंटिमीटर होते, म्हणजे नेमकी वेळ झाली आहे. बेरीज निम्म्यावर गेली असेल तर उशीर झाला आहे, आणि शोषखड्ड्याचीही तपासणी करून घ्यावी. टॉवेल पुन्हा वापरण्याच्या फंदात पडू नये. तो बंद पिशवीत घालून कचरा गाडीत द्यावा. बांबू कोरडा करून वेगळा ठेवावा आणि हात साबणाने धुवावेत.

ज्यांना हे करणे नको वाटते त्यांनी हिशेबावर भागवावे. पचून उरलेला गाळ माणशी वर्षाला साधारण ४० ते ८० लिटर धरतात. पाच माणसांच्या घरात मधला ६० लिटरचा आकडा घेतला तर वर्षाला ३०० लिटर होतात. टाकी ३,००० लिटरची असेल तर तिचा एक तृतीयांश, म्हणजे १,००० लिटर, सव्वातीन वर्षांत भरतो. म्हणून घरगुती टाकीसाठी दोन-तीन वर्षांचे अंतर सांगितले जाते. साताऱ्यातील वाई आणि नाशिकमधील सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास शहरातल्या सगळ्या टाक्या वेळापत्रकाने उपसण्याची योजना सुरू केली, तीही तीन वर्षांचे चक्र धरूनच. तेथे घरमालकाने तक्रार करण्याची वाट न पाहता गाडी प्रभागवार फिरते आणि खर्च करांतून भागवला जातो. आपल्या गावात अशी योजना असेल तर दारी आलेल्या गाडीला ‘आमची टाकी अजून तुंबलेली नाही’ म्हणून परत पाठवू नये.

कोणत्या महिन्यांत

फेब्रुवारी ते मे हा काळ सर्वांत सोयीचा. जमिनीतील पाण्याची पातळी खाली गेलेली असते, शोषखड्डा कोरडा असतो आणि जड गाडी अंगणात रुतत नाही. ऐन पावसाळ्यात टाकी रिकामी करणे टाळावे. विटांच्या जुन्या टाकीत बाहेरचे पाणी भिंतींतून आत येते आणि गाळाऐवजी पाणीच उपसण्याचे पैसे द्यावे लागतात. प्लॅस्टिकच्या किंवा फायबरच्या तयार टाकीला तर भोवतीच्या पाण्याच्या दाबाने उचलून वर येण्याचा धोका असतो. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीत पाणी मुळातच सावकाश मुरते, त्यामुळे तेथे पावसाळ्यात शोषखड्डा भरलेला दिसला तरी दोष नेहमी टाकीचाच असतो असे नाही. पावसाळ्यात उपसा अगदी अटळ झालाच तर टाकी पूर्ण रिकामी न करता थोडा भाग काढावा आणि लगेच पाणी भरावे.

गाडी ठरवताना

पहिला फोन नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला करावा. बहुतेक ठिकाणी पालिकेची स्वतःची मैला उपसणारी गाडी असते, तिचे दर ठरलेले असतात आणि पैसे भरल्याची पावती मिळते. त्यांच्याकडे गाडी नसेल तर परवाना असलेल्या खासगी चालकांची नावे तेथूनच मिळू शकतात. मैला टाक्या व गटारे यांच्या यांत्रिक सफाईसाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. विजेच्या खांबावर चिकटवलेल्या ‘संडास टाकी साफ’ या कागदावरचा क्रमांक सर्वांत शेवटी, आणि तोही नीट चौकशी करूनच लावावा.

फोनवर पाच गोष्टी स्पष्ट कराव्यात. गाडीची क्षमता किती लिटर आहे आणि आपली टाकी एका खेपेत होईल का. होसपाइप किती लांब आहे, कारण गाडी रस्त्यावर आणि टाकी परसात असली तर शंभर फूटही अपुरे पडतात. दर खेपेचा आहे की टाकीचा. सगळे काम यंत्राने होणार ना, आणि कामगारांना हातमोजे, बूट व तोंडावरचे संरक्षण दिलेले आहे ना. आणि शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, उपसलेला मैला नेऊन कोठे टाकणार. या शेवटच्या प्रश्नाला ‘ते आमचे आम्ही बघतो’ असे उत्तर मिळाले तर तो मैला रात्री एखाद्या नाल्यात किंवा ओसाड रानात जाणार हे गृहीत धरावे. तो शहराच्या मैला प्रक्रिया केंद्रात किंवा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातच जायला हवा. कच्चा मैला शेतात घालण्याची पद्धत काही भागांत अजून आहे. त्यात जंतांची अंडी दीर्घकाळ जिवंत राहतात आणि पालेभाजीबरोबर तीच आपल्या ताटात येतात.

उपशाच्या दिवशी

आदल्या दिवशी सगळी झाकणे सैल करून ठेवावीत, फाटकाजवळची वाहने हलवावीत आणि शेजाऱ्यांना कल्पना द्यावी, कारण दोन-तीन तास वास येतोच. गाडी येण्यापूर्वी तासभर झाकणे उघडी करून भोवती दोरी किंवा बाकडी लावावीत. उघड्या टाकीत मूल पडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात, त्यामुळे या तासाभरात कोणी तरी मोठे माणूस तेथेच उभे असावे.

होसपाइप पहिल्या कप्प्याच्या मोठ्या झाकणातून आत सोडायला सांगावे. घाईत असलेला चालक जवळचे किंवा सोपे झाकण पाहून शेवटच्या कप्प्यात पाइप घालतो, वरचे पातळ पाणी भरून घेतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. मागे गाळ जसाच्या तसा राहतो आणि चार महिन्यांनी पुन्हा तक्रार सुरू होते. नव्या घरमालकाची फसवणूक होते ती बहुधा येथेच. वरचे पाणी थोडे कमी झाल्यावर चालकाने पंप उलटा चालवून गाडीतले थोडे पाणी जोराने तळावर सोडावे, त्याने बसलेला गाळ सुटतो, आणि मग पुन्हा ओढावे. जुन्या घट्ट गाळासाठी हे दोन-तीनदा करावे लागते. वरूनच लांब बांबूने ढवळून घेतले तरी चालते. सर्व कप्पे उपसले गेले आहेत हे स्वतः पाहावे. मात्र टाकी घासून-धुऊन लख्ख करण्याचा आग्रह धरू नये. मानकाप्रमाणेही तळाशी किमान २५ मिलिमीटर गाळ ठेवावा असे आहे, कारण पुढच्या पचनाचे जिवाणू त्यातूनच वाढतात. फिनेल, ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडर टाकीत ओतली तर हे जिवाणूच मरतात.

रिकामी टाकी पाहण्याची संधी काही वर्षांतून एकदा मिळते, ती दवडू नये. मोबाइल काठीला बांधून त्याचा दिवा व चित्रीकरण चालू करून झाकणातून आत सोडावा. डोके आत घालू नये. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांच्या तोंडाशी इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा जागेवर आहे का, हे आधी पाहावे. बाहेरच्या पाइपाचा हा तुकडा गळून पडला असेल तर साय सरळ शोषखड्ड्यात जाते, आणि किरकोळ किमतीच्या त्या तुकड्यापायी सगळा खड्डा बाद होतो. मधल्या भिंतीला भगदाड पडले आहे का, बाजूच्या भिंतींत उभ्या चिरा आहेत का, झाडाची मुळे आत आली आहेत का, हेही त्याच चित्रीकरणात दिसते. टाकी रिकामी होत असताना बाहेरच्या पाइपातून पाणी उलटे धो-धो आत येऊ लागले तर शोषखड्डा तुंबला आहे याची ती जवळजवळ खात्रीची खूण आहे.

टाकीत कोणीही उतरायचे नाही

हा भाग वेगळा लिहिण्याचे कारण असे की दर वर्षी माणसे मरतात ती येथेच. टाकीतील हायड्रोजन सल्फाइडला कमी प्रमाणात सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की तोच वायू वास घेण्याची शक्ती मारून टाकतो. ‘आता वास येत नाही, म्हणजे हवा बरी आहे’ हा समज त्यामुळे जीवघेणा ठरतो. शिवाय आत प्राणवायूही पुरेसा नसतो. वरून शांत दिसणारा गाळ ढवळला गेला की अडकून बसलेला वायू एकदम सुटतो आणि माणूस शिडीवरून वर येण्याआधीच शुद्ध हरपतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. अशा घटनांच्या बातम्यांत एकाच टाकीतून दोन-तीन मृतदेह निघतात ते म्हणून. कोणी आत पडलेच तर उतरू नये. वरून दोर टाकावा, पंप चालू असेल तर बंद करावा, आणि ११२ वर किंवा अग्निशमन दलाला फोन करून आत वायू आहे हे स्पष्ट सांगावे.

कायद्याची बाजूही घरमालकाने माहीत करून घ्यावी. हाताने मैला उचलणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ याच्या कलम ७ नुसार संरक्षक साधनांविना सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामाला लावता येत नाही. हे बंधन पालिकेवर आणि ठेकेदारावर आहे तसेच ते साध्या घरमालकावर व गृहनिर्माण संस्थेवरही आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अशा मृत्यूंच्या भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. ‘तो स्वतःहून उतरतो म्हणाला’ किंवा ‘दोनशे रुपये जास्त मागितले ते दिले’ ही सबब कामाची नाही. गाडीबरोबर आलेला माणूस शर्ट काढून शिडी मागू लागला तर काम तेथेच थांबवावे.

गाडी गेल्यानंतर

अंगणात सांडलेल्या मैल्यावर चुना किंवा ब्लीचिंग पावडर टाकून जागा धुवावी, मात्र ते पाणी टाकीत किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नये. टाकी त्याच दिवशी निम्म्याच्या वर साध्या पाण्याने भरून घ्यावी; तयार प्लॅस्टिकच्या टाकीबाबत तर हे विसरून चालणारच नाही. शेण, गूळ, यीस्ट किंवा बाजारात मिळणारी जिवाणूंची पावडर घालण्याची गरज नाही. लागणारे जिवाणू मैल्याबरोबर रोज येतातच. पावडर घातली की उपसा करावा लागत नाही, हा विक्रेत्यांचा दावा मनावर घेऊ नये.

झाकणाच्या फटी बंद करताना सिमेंटचे कडक मिश्रण करून झाकण कायमचे चिकटवण्याचा मोह गवंड्यांना होतो. त्याऐवजी भरपूर वाळूचे मऊ मिश्रण वापरायला सांगावे, म्हणजे वास आणि डास अडतात व पुढच्या वेळी छिन्नीने ते सहज सुटते. हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. पालिकेचे आरोग्यसेवक घरोघर फिरताना ही जाळी पाहतात ते उगाच नव्हे. हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतात आणि उघड्या पाइपातून बाहेर पडतात. हा पाइप किमान ५० मिलिमीटर व्यासाचा असावा आणि घर जवळ असेल तर छताच्याही दोन मीटर वर न्यावा. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या उंचीवर कापून ठेवलेले पाइप जागोजागी दिसतात, आणि मग त्या घरातली मंडळी वासासाठी टाकीला दोष देत राहतात.

दोन उपशांच्या मधल्या काळात

भांड्यात फक्त मलमूत्र, पाणी आणि वापरत असल्यास टॉयलेट पेपर जावा. सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, ओले वाइप्स, गुटख्याच्या पुड्या आणि केसांचे गुंते कुजत नाहीत; ते सायीत अडकतात आणि उपशाच्या दिवशी होसपाइपच्या तोंडाशी बसतात. तळणीचे तेल आणि चहाचा चोथाही तेथे ओतू नये. भांडे घासायला थोडे रसायन वापरले तर बिघडत नाही, मात्र दर रविवारी बाटलीभर ॲसिड ओतण्याची सवय असेल तर टाकीतले पचन मंदावते आणि गाळ लवकर चढतो. छताचे पागोळीचे पाणी चुकूनही टाकीत सोडू नये. टाकी लहान असेल तर न्हाणीचे आणि मोरीचे पाणीही वेगळे काढून परसातल्या केळी-अळूला द्यावे, कारण एकदम आलेल्या जास्त पाण्याने तळचा गाळ ढवळून पुढे ढकलला जातो.

कोकणातल्या घरांची अडचण नेमकी हीच असते. वर्षभर दोन वृद्ध माणसे राहतात आणि गणपतीला मुंबईहून वीस जण येतात. दोघांच्या हिशेबाने टाकी दहा वर्षे चालली असती, पण ऐन भाद्रपदात, जमीन पाण्याने भरलेली असताना, रोज वीस माणसांचे पाणी तिच्यात येते आणि तीन-चार वर्षांचा साठलेला गाळ त्या पाच-सात दिवसांत शोषखड्ड्यात जातो. अशा घरांनी मे महिन्यात चाकरमानी घरी असतानाच गाळ मोजून घ्यावा आणि तो चौथाई झाला असला तरी उपसा करावा. जांभ्या दगडातून पाणी झटपट वाट काढते, त्यामुळे शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर दूर आहे ना, हे तेव्हाच पावले टाकून पाहावे. घर महिनोन्महिने बंद असेल तर साय सुकून कडक होते आणि पाइपाच्या तोंडाशी अडते. आल्यावर पहिल्या दिवशी दोन-चार बादल्या पाणी सावकाश सोडून पाहावे.

भांड्यातले पाणी सावकाश उतरणे, न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येणे, शोषखड्ड्यावरचे गवत उन्हाळ्यातही हिरवेगार राहणे किंवा तेथे ओल दिसणे, या खुणा दिसल्यास प्रथम तपासणीचे चेंबर उघडावे. चेंबर भरलेले आणि टाकीतली पातळी नेहमीची असेल तर अडथळा दोहोंमधल्या पाइपात आहे आणि प्लंबरचे काम आहे. टाकीतली पातळी बाहेरच्या पाइपाच्या वर चढलेली असेल तर तो पाइप किंवा शोषखड्डा तुंबला आहे. दोन्ही ठीक असून वास येत असेल तर हवेच्या पाइपात चिमणीचे घरटे किंवा पाने अडकली आहेत का ते पाहावे. केवळ या तपासणीअभावी नको असताना गाडी बोलावली जाते.

शेवटी एक वही, किंवा मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागदही चालेल. त्यावर टाकीची मापे, घराच्या कोपऱ्यापासून झाकणापर्यंतचे अंतर, उपशाची तारीख, त्या वेळी मोजलेली गाळाची जाडी, गाडीच्या खेपा, दिलेली रक्कम आणि पावतीचा क्रमांक लिहावा. दुसऱ्या उपशाच्या वेळी दोन मापांमधल्या फरकावरून आपल्या घराचा गाळ वर्षाला किती चढतो हे कळते, आणि पुढची तारीख त्यावरूनच ठरवावी. घर भाड्याने दिले तर या नोंदीची एक प्रत भाडेकराराला जोडावी, उपशाचा खर्च कोणी करायचा हेही त्यातच लिहावे.